स्तोत्रे, होरा आणि ग्रहांचे चौकोन : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही बायबलमधल्या स्तोत्रसंहितेच्या मांत्रिक वापरावर लिहिले होते. मध्ययुगातले ज्यू आणि ख्रिस्ती साधक १५० स्तोत्रांपैकी नेमके एखादे स्तोत्र नेमक्या कामासाठी, ठरावीक ग्रहाच्या वारी आणि होऱ्यात (त्या ग्रहाच्या अमलातल्या तासात) म्हणत, त्याचा तो परिचय होता. त्यावर बरीच पत्रे आली. ज्यांची उत्तरे इतरांनाही उपयोगी पडतील अशी निवडून इथे घेतली आहेत.

प्रश्न : विधीच्या पुस्तकात ‘५० वे स्तोत्र म्हणत हात धुवा’ असे आहे. माझ्या मराठी बायबलमधल्या ५० व्या स्तोत्रात धुण्याचा विषयच नाही. आजीच्या जुन्या लॅटिन प्रार्थनापुस्तकात मात्र तो ५० मध्येच सापडतो. चूक कोणाची? (वसई)

चूक कोणाचीच नाही. स्तोत्रांची क्रमवारी दोन आहेत. मराठी बायबल हिब्रू क्रम पाळते, जुनी लॅटिन पुस्तके ग्रीक भाषांतराचा. ग्रीक भाषांतरात हिब्रूतले ९ आणि १० ही स्तोत्रे एकत्र झाली, त्यामुळे तिथून पुढे लॅटिन आकडा एकाने मागे पडतो. तुमच्या पुस्तकातले ५० म्हणजे मराठीतले ५१, म्हणजे पश्चात्तापाचे प्रसिद्ध स्तोत्र. त्याच्या ७ व्या ओवीत एजोबाने (शुद्धीसाठी वापरायची एक वनस्पती) शुद्ध होण्याची आणि बर्फाहून पांढरे होण्याची विनवणी आहे. हात धुताना म्हणायची ती हीच.

हा फरक सगळीकडे ‘एक’ नाही, आणि गोंधळ तिथेच होतो. १ ते ८ सारखीच. मराठीतली ११ ते ११३ लॅटिनमध्ये एकाने कमी. मराठीतली ११४ आणि ११५ मिळून लॅटिनचे ११३. मराठीतल्या ११६ चे लॅटिनमध्ये ११४ आणि ११५ असे दोन तुकडे. मग ११७ ते १४६ पुन्हा एकाने कमी. मराठीतल्या १४७ चे परत दोन तुकडे, १४६ आणि १४७. शेवटची तीन जुळतात. हा तक्ता पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा.

ओव्यांच्या आकड्यातही एक खाच आहे. हिब्रू प्रतीत ‘दाविदाचे स्तोत्र’ वगैरे शीर्षक पुष्कळदा स्वतंत्र ओवी म्हणून, ५१ मध्ये तर दोन ओव्या म्हणून, मोजले जाते, मराठीत नाही. त्यामुळे ज्यू ग्रंथात ५१ ची ९ वी ओवी सांगितली असेल तर ती तुमच्याकडे ७ वी असते. म्हणून आकड्यावर विसंबू नका. आधी मजकूर वाचा, तो कामाशी जुळतो का ते बघा आणि मगच विधीला बसा. चुकीचे स्तोत्र अगदी अचूक मुहूर्तावर म्हणणे हा या विषयातला सर्वांत जास्त आढळणारा घोटाळा आहे.

प्रश्न : ग्रहाचा होरा पंचांगातून घ्यावा की पाश्चात्त्य पद्धतीने काढावा? दोन्हींत अर्ध्या तासाहून अधिक फरक येतो. शिवाय गुरुवारी दुपारचा गुरूचा होरा राहुकाळात सापडतो, तेव्हा काय करावे? (पुणे)

क्रम दोन्हीकडे एकच आहे : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. सर्वांत मंद ग्रहापासून सर्वांत जलद ग्रहापर्यंत. सूर्योदयानंतरचा पहिला होरा त्या वाराच्या स्वामीचा. चोवीस होरे मोजले की पंचविसावा आपोआप दुसऱ्या दिवसाच्या स्वामीचा येतो. गुरुवारपासून मोजून बघा, पंचविसावा शुक्राचाच निघेल. वारांचा क्रम यातूनच आला आहे.

फरक आहे तो होऱ्याच्या लांबीत. आपल्याकडे सर्रास सूर्योदयापासून ६० मिनिटांचा एक होरा धरतात. युरोपीय ग्रंथांत दिवसाचे बारा आणि रात्रीचे बारा असे वेगवेगळे भाग करतात, म्हणून तो विषम होरा. मुंबईत डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य साधारण ७:०७ ला उगवतो आणि ६:०५ ला मावळतो. दिवस ६५८ मिनिटांचा, त्याला १२ ने भागले की होरा ५५ मिनिटांच्या आसपास. जूनमध्ये तोच ६६ मिनिटांचा होतो. रात्रीचा होरा काढायला सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंतची मिनिटे घ्यायची.

डिसेंबरमधला एक गुरुवार घेऊ. गुरूचे होरे चार : दिवसाचा पहिला आणि आठवा, रात्रीचा तिसरा आणि दहावा. आठवा होरा ६० मिनिटांच्या हिशेबाने २:०७ ला सुरू होतो, विषम हिशेबाने १:३१ ला सुरू होऊन २:२६ ला संपतो. दोन्हींत सामाईक वेळ जेमतेम १९ मिनिटे. स्तोत्रांचे विधी ज्या ग्रंथांतून आले आहेत ते विषम होरा मानतात, म्हणून त्या विधींना विषम होराच वापरा. नवग्रहांचे आपले जप करताना पंचांगाचा होरा ठेवा. एका विधीत एकच हिशेब.

राहुकाळाचे म्हणाल तर या पद्धतीत ग्रह सातच आहेत. राहू-केतू नाहीत आणि त्यामुळे राहुकाळही नाही. पण लहानपणापासून तो पाळत आलेल्या माणसाचे मन दुपारी दीड वाजता शांत राहत नाही आणि विधीत अर्धे लक्ष घड्याळाकडे जाते. अशांनी सरळ सकाळचा पहिला होरा घ्यावा.

लंडनहून एका वाचकांनी याच विषयावर विचारले आहे की डिसेंबरमध्ये होऱ्यात विधी मावतच नाही. बरोबर आहे, तिथे त्या दिवसांत दिवसाचा होरा ३९ मिनिटांवर येतो. पण रात्रीचा ८१ मिनिटांचा असतो. हिवाळ्यात रात्रीचा तिसरा होरा घ्या आणि उन्हाळ्यात सकाळचा. वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत धरायचा, हे आपल्या पंचांगासारखेच. शुक्रवारी पहाटे दोन वाजता अजून गुरुवारच चालू असतो. मात्र ज्यू परंपरेत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. एखाद्या ज्यू ग्रंथातला विधी ‘गुरुवारी रात्री’ असेल तर आधी तो ग्रंथ कोणता दिवस म्हणतो आहे ते तपासा.

प्रश्न : गुरू ग्रहासाठी ११२ व्या स्तोत्राचा विधी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगाल का? नवीन व्यवसाय सुरू केला आहे. चांदीचा पत्रा कोरून घ्यावाच लागतो का? (नाशिक)

या विधीचे मूळ ‘सॉलोमनची किल्ली’ या नावाने हस्तलिखितांतून फिरलेल्या ग्रंथात आहे. त्यातल्या गुरूच्या चौथ्या मुद्रेभोवती (मुद्रा म्हणजे ग्रहासाठी काढायची वर्तुळाकार आकृती) ११२ व्या स्तोत्राची तिसरी ओवी लिहितात, घरातली धनसंपदा आणि सर्वकाळ टिकणारे नीतिमत्त्व सांगणारी. ग्रंथ म्हणतो की ही मुद्रा गुरूच्या वारी, गुरूच्या होऱ्यात, गुरू कर्केत असताना चांदीवर कोरावी. पण त्याच ग्रंथात मुद्रा कोऱ्या कागदावर ग्रहाच्या रंगाने काढायचीही मुभा आहे. सुरुवातीला कागदच घ्या. सराफाकडे कोरायला दिले की होरा त्याच्या सोयीचा ठरतो आणि मुहूर्ताला काही अर्थ उरत नाही.

रंग निळा, आकाशी. आपल्याकडे गुरूचा रंग पिवळा, म्हणून बरेचजण इथे हळद, पिवळे फूल, चण्याची डाळ आणतात. आपल्या गुरुपूजेत ते योग्यच आहे. या पद्धतीत पिवळा रवीचा आहे, तेव्हा इथे तो नको.

आदल्या दिवशी संध्याकाळी साहित्य जमवा : ८ सेंटिमीटर चौरस जाड पांढरा कागद, निळ्या शाईचे पेन (जेल पेन नको, तेल लागले की पसरते), कंपास, एक पांढरी किंवा निळी मेणबत्ती, एक चहाचा चमचा ऑलिव्ह तेल, निळ्या कापडाचा तुकडा, तांब्याभर पाणी, बायबल. ११२ वे स्तोत्र तीनचारदा मोठ्याने वाचून ठेवा. विधीत पहिल्यांदा वाचताना जीभ अडखळते आणि मग वाचक शब्दांकडे न बघता ओळ संपवायच्या मागे लागतो.

गुरुवारी सूर्योदयापूर्वी आंघोळ उरकून दहा मिनिटे आधी पूर्वेकडे तोंड करून बसा. सूर्योदय झाला की मेणबत्ती लावा. हातावर पाणी घेत ५१ वे स्तोत्र पूर्ण म्हणा. ७ व्या ओवीला हात धुवा आणि पुसा. आता कागदावर एकात एक दोन वर्तुळे काढा, बाहेरचे ७ सेंटिमीटर व्यासाचे, आतले ५ चे. मधल्या पट्ट्यात वरच्या टोकापासून उजवीकडे तिसरी ओवी लिहित जा. इथे हमखास घोटाळा होतो : वर्तुळ भरते आणि शब्द मात्र एक तृतीयांश उरलेले असतात. म्हणून अक्षरे आधी मोजा, वर्तुळाचे पेन्सिलीने तितके भाग पाडा आणि मगच शाई लावा. आतल्या वर्तुळात तुमचे काम एका वाक्यात लिहा. ‘भरभराट व्हावी’ असे मोघम नको. ‘दुकानाला वर्षअखेरीपर्यंत नियमित गिऱ्हाईक मिळावे’ असे नेमके हवे. लिहिताना प्रत्येक शब्द उच्चारा.

मग उभे राहून ११२ वे स्तोत्र पूर्ण, चार वेळा. चार हा आकडा गुरूच्या चार-चार घरांच्या आकड्यांच्या चौकोनावरून (तो पुढच्या उत्तरात आहे) आजच्या साधकांनी घेतलेला आहे. जुन्या ग्रंथाची ती आज्ञा नव्हे, हे ध्यानात असू द्या. चौथ्या वाचनानंतर करंगळीच्या टोकाने तेलाचा एक ठिपका कागदाच्या प्रत्येक कोपऱ्याला. ठिपकाच, चमचाभर तेल म्हणजे कोपऱ्यांना चमचा ओतणे नव्हे. पाच मिनिटे गप्प बसा. मेणबत्ती विझवा, कागद कापडात गुंडाळून गल्ल्याजवळ किंवा हिशेबाच्या वहीत ठेवा. पुढचे तीन गुरुवार कागद बाहेर काढून फक्त स्तोत्र चार वेळा म्हणायचे, नवीन काही लिहायचे नाही.

सगळा विधी ४० मिनिटांत होतो. हिवाळ्यातल्या आपल्या ५५ मिनिटांच्या होऱ्यात तो सहज बसतो. उशीर होतो तो लिहिण्यात. वेळ कमी पडतोय असे दिसले तर वाचने कमी करू नका. लेखन पुढच्या गुरुवारवर टाका.

आता यातला खरा गाभा. लोक तिसरी ओवी उचलतात आणि बाकीचे स्तोत्र सोडून देतात. पण ते दहा ओव्यांचे एकसंध स्तोत्र आहे, हिब्रूत तर त्याच्या बावीस ओळी वर्णमालेच्या बावीस अक्षरांनी क्रमाने सुरू होतात. पाचवी ओवी उदारपणे उसने देणाऱ्याची आहे, नववी गरिबांना मोकळ्या हाताने वाटणाऱ्याची. धनाची ओवी या दोन ओव्यांच्या सोबतीने येते. म्हणून चारही गुरुवारी मिळकतीतून काही रक्कम, दहा रुपये का होईना, बाजूला काढा आणि त्याच दिवशी कोणा गरजूला द्या. दानाशिवाय हा विधी म्हणजे निम्मे स्तोत्र गिळून टाकणे आहे, आणि आमच्या मते तो तसा करूच नये.

गुरू कर्केत असण्याबद्दल : ही रास पाश्चात्त्य, म्हणजे सायन (वसंतसंपातापासून मोजलेली). आपले पंचांग निरयन (स्थिर ताऱ्यांवरून मोजलेले) आहे, दोन्हींत सुमारे २४ अंशांचा फरक. सूर्याचेच बघा, सायन मेषेत तो २०-२१ मार्चला जातो, पंचांगात १४ एप्रिलच्या सुमारास. तेव्हा पंचांगात ‘गुरू कर्क’ दिसले म्हणून चांदी विकत घेऊ नका. कागदी मुद्रेसाठी राशीची वाट बघायची गरज नाही, शुक्लपक्षातला गुरुवार पुरे.

प्रश्न : शनीचा चौकोन म्हणून एका ठिकाणी १५ बेरजेचा दिलाय, दुसरीकडे ३३ बेरजेचा. त्यातून १५ चा यंत्र आमच्या भटजींकडे सूर्याचा आहे! (ठाणे)

दोन्ही बरोबर, घराणी वेगळी. या चौकोनांत प्रत्येक ओळीची बेरीज सारखी येते. आग्रिप्पा या जर्मन विद्वानाच्या १५३३ साली पूर्ण छापल्या गेलेल्या लॅटिन ग्रंथात ग्रहागणिक चौकोनाचा आकार बदलतो : शनी ३×३ आणि बेरीज १५, गुरू ४×४ आणि ३४, मंगळ ५×५ आणि ६५, रवी ६×६ आणि १११, शुक्र ७×७ आणि १७५, बुध ८×८ आणि २६०, चंद्र ९×९ आणि ३६९. आपल्या नवग्रह यंत्रांत सगळेच चौकोन ३×३, आणि बेरीज रवीपासून तीनतीनने वाढते : रवी १५, चंद्र १८, मंगळ २१, बुध २४, गुरू २७, शुक्र ३०, शनी ३३, राहू ३६, केतू ३९. पाश्चात्त्य शनी आणि भारतीय रवी म्हणूनच १५ वर एकत्र येतात. स्तोत्रासोबत आग्रिप्पाचा चौकोन घ्या, संस्कृत मंत्रासोबत आपला.

गुरूचा चौकोन बऱ्याच ठिकाणी चुकीचा छापलेला सापडतो, म्हणून ओळी देतो : ४, १४, १५, १ / ९, ७, ६, १२ / ५, ११, १०, ८ / १६, २, ३, १३. आडवे, उभे, तिरपे, सगळीकडे ३४ यायला हवेत. काढताना ओळीने भरू नका. १ पासून १६ पर्यंत आकड्यांच्या क्रमाने एकेक घर भरा, लक्ष टिकते आणि चूक लगेच दिसते.

शनीसाठी शिशाचा पत्रा सुचवलेला असतो. शिसे विषारी आहे. घासू नका, तापवू नका, मुलांच्या हाताला लागू देऊ नका. काळ्या शाईने कागदावर काढलेला चौकोन चालतो.

प्रश्न : हिब्रू येत नाही. मराठीत म्हटले तर चालेल? (कोल्हापूर)

चालेल. लॅटिनमध्ये, जर्मनमध्ये, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय साधकांच्या परंपरेत इंग्रजीत, प्रत्येकाने आपापल्या भाषेतच ही स्तोत्रे म्हटली. फक्त मराठीतही एकच भाषांतर धरा. आज एक, उद्या दुसरे असे केले तर पाठ होत नाही आणि पाठ झाल्याशिवाय डोळे पुस्तकातून वर येत नाहीत.

प्रश्न : सात शाखांच्या दिव्याच्या आकारात लिहिलेले ६७ वे स्तोत्र पाहिले. त्याचा ग्रहांशी काही संबंध आहे का? घरी काढता येईल? (अलिबाग)

हा प्रश्न आला याचा आनंद आहे, कारण स्तोत्र आणि ग्रह यांची गाठ इतकी स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. शीर्षक सोडले तर ६७ व्या स्तोत्रात सात ओव्या आणि हिब्रूत ४९ शब्द आहेत. ओव्यांतले शब्द अनुक्रमे ७, ६, ६, ११, ६, ६, ७. दोन्ही बाजू सारख्या, मधली सर्वांत लांब. म्हणून ज्यू लेखनिकांनी ते मंदिरातल्या सात दिव्यांच्या समईच्या रूपात लिहायला घेतले, मधला खांब म्हणजे चौथी ओवी.

आता ग्रह. पहिल्या शतकातल्या योसेफस आणि फिलो या दोन्ही ज्यू लेखकांनी त्या समईचे सात दिवे म्हणजे सात ग्रह असे सांगितले आहे. फिलो पुढे जाऊन मधला दिवा सूर्याचा म्हणतो, तीन ग्रह त्याच्या वर आणि तीन खाली. होऱ्यांचा क्रम आठवा : शनी, गुरू, मंगळ, मग रवी, मग शुक्र, बुध, चंद्र. चौथा रवीच.

घरी काढताना उभा कागद घ्या, ए-४ चालेल. मराठी डावीकडून उजवीकडे चालते, म्हणून पहिली ओवी डावीकडच्या बाहेरच्या शाखेत, सातवी उजवीकडच्या. शीर्षकाची ओळ सगळ्यात वर, ज्योतींच्या जागी. मराठीत शब्द ४९ भरणार नाहीत, ते जुळवायला मजकुरात काटछाट करू नका. शाखा वक्र काढल्या की अक्षरे एकमेकांवर चढतात. त्यापेक्षा काटकोनी शाखा काढा, लिहिणे सोपे जाते आणि वाचताही येते. रविवारी सूर्योदयानंतरच्या पहिल्या होऱ्यात लेखन, मधल्या शाखेपासून सुरुवात.

त्यानंतर आम्ही सुचवतो ती रोजची पद्धत : सकाळी पूर्ण स्तोत्र एकदा, आणि त्या वाराच्या ग्रहाची ओवी आणखी सहा वेळा. रविवारी चौथी, सोमवारी सातवी, मंगळवारी तिसरी, बुधवारी सहावी, गुरुवारी दुसरी, शुक्रवारी पाचवी, शनिवारी पहिली. पाच मिनिटांचे काम आहे. एकेका ग्रहाचे मोठे विधी करण्याआधी सात आठवडे एवढेच करावे, म्हणजे ४९ दिवस. ज्यू परंपरेत वल्हांडणापासून सप्ताहांच्या सणापर्यंत ४९ दिवस मोजतात, तेव्हाही हेच स्तोत्र म्हणायची रीत आहे. ज्यू घरात लेखन करायचे असेल तर शनिवार टाळा, शब्बाथला लिहायला मनाई असते.

प्रश्न : बांधावरून भाऊबंदकी चालू आहे. १०९ वे स्तोत्र मंगळाच्या होऱ्यात म्हटले तर समोरचा नरमेल असे कुणी सांगितले. तसेच गावातल्या आजारी माणसांसाठी तेल मंत्रून देऊ का? (सातारा जिल्हा)

१०९ चा विधी आम्ही देणार नाही. त्यातल्या ६ ते १९ या शापाच्या ओव्या कित्येक अभ्यासक शत्रूच्याच तोंडच्या मानतात, म्हणजे गाऱ्हाणे मांडणाऱ्यावर त्याचे वैरी उच्चारत असलेले शब्द. तसे असेल तर तुम्ही भावावर टाकायला निघालात ते मुळात कुणाच्या तोंडचे आहे, याचा विचार करा. बांधासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. मनातली धास्ती कमी व्हावी म्हणून ९१ वे स्तोत्र रोज संध्याकाळी म्हणा. रात्री एकट्याने शेतावर जावे लागत असेल तर १२१ वे सात वेळा, स्तोत्रांच्या उपयोगांवरचा जुना ज्यू ग्रंथ एकट्याच्या रात्रीच्या प्रवासासाठी तेच सांगतो.

तेलाचे : त्याच ग्रंथात डोकेदुखीसाठी ३ रे स्तोत्र ऑलिव्ह तेलावर म्हणून ते डोक्याला लावायला सांगितले आहे. स्वतःच्या किंवा घरच्यांच्या डोक्याला, प्रार्थना म्हणून, औषध चालू ठेवून, जरूर लावा. गावाला वाटू नका, पैसे घेऊ नका आणि ‘डॉक्टरकडे जाऊ नका’ असे तर चुकूनही म्हणू नका. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी उत्तर हेच असते.

प्रश्न : काम झाल्यावर कागदाचे काय करायचे? धूप कोणता? (डोंबिवली)

काम झाले की ज्या ग्रहाचा कागद त्याच वारी ते स्तोत्र एकदा आभार म्हणून वाचा आणि कागद कुंडीतल्या मातीत पुरा. ज्यात हिब्रू देवनाम लिहिले आहे तो जाळू नका, कचऱ्यात टाकू नका. ज्यू लोक असे कागद जपून ठेवतात आणि मग पुरतात, तो मान आपणही राखावा. नदीत सोडू नका.

धुपासाठी वाटाण्याएवढा ऊद निखाऱ्यावर पुरतो. बंद फ्लॅटमध्ये कोळसा पेटवून दार लावून बसू नका, एक खिडकी पूर्ण उघडी हवी आणि पंखा बंद. ते जमत नसेल तर धूप सोडून द्या, मेणबत्ती आणि आवाज पुरेसे आहेत.